पाच खिळ्यांचा डावा बूट

मी डाव्या पायाचा, पळण्याचा, आता जुना झालेला बूट आहे. मित्रांनो, पुढे काही सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. माझ्यामुळे एका मुलीच्या पायाची शीर तुटली. हे आधीच कळलेले बरे. नाहीतर तुम्ही मला गरीब बिचारा समजाल, माझ्या उसवलेल्या कडा पाहून हळहळाल, आणि नंतर तुम्हाला फसवल्यासारखे वाटेल.

माझा जन्म एका जिन्याखाली झाला. तिथे एका मोच्याचे दुकान होते. उंच गिऱ्हाईक आले की त्याला मान वाकवूनच आत यावे लागे. मोची सकाळपासून तिथे बसलेला असे. गुडघ्यांत लाकडी साचा आणि ओठांत खिळे. बोलायचे असले की आधी खिळे तळहातावर काढावे लागत, म्हणून तो फारसे बोलतच नसे.

जन्म म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन, मार. रापीने कातडे कापले. आरीने माझ्या अंगाला चौऱ्याऐंशी भोके पाडली. प्रत्येक भोकातून मेण लावलेला दोरा घालून तो असा खेचला की कातडे कुरकुरले. मग मला साच्यावर उलटे चढवले, तळाला रबर चिकटवले आणि ते नीट बसावे म्हणून बदडून काढले. शेजारी माझा भाऊ, उजवा, तेच भोगत होता. आम्ही ओरडलो असतो, पण आमच्या जिभा अजून शिवायच्या होत्या.

आम्ही विकायचे बूट नव्हतो. मोच्याने आम्हाला आपल्या मुलीसाठी केले होते. ती एकोणीस वर्षांची होती आणि इतकी बारीक, की सगळे तिला काडी म्हणत. ती एका धुलाईच्या दुकानात दिवसभर उभी राहून इस्त्री करी. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती: बंबखान्यातली नोकरी. लाल गाड्या, लांब शिड्या, पितळी टोपी. "इतकी वर्षं इस्त्रीनं हात भाजून घेतले," ती म्हणे, "आता एकदा आगीशी समोरासमोर भांडू दे."

बंबखान्यात दर वर्षी एकच मुलगी घेत, आणि ती निवडण्याची पद्धत जुनी होती. पाच किलोमीटरची शर्यत लावायची. जी पहिली येईल ती नोकरीला. दुसरीला टाळ्या.

पाच किलोमीटर म्हणजे फार नाहीत, असे तुम्हाला वाटेल. सपाट रस्त्यावर नाहीतच. पण हा रस्ता सपाट नव्हता. बंबखान्याच्या फाटकातून घंटा वाजली की पहिला किलोमीटर बाजारातून जाई. मग पाण्याच्या टाकीपर्यंत दीड किलोमीटर चढ, असा की घरांचे जिने रस्त्यावर उतरण्याऐवजी रस्ताच घरांच्या छपरांवर चढतो आहे असे वाटावे. टाकीपासून दीड किलोमीटर डोंगराच्या कडेने, उघड्या वाऱ्यात. आणि मग एकदम उतार. तो उतार एका बोळातून जाई. दोन्ही बाजूंना गोदामांच्या पाठी, एकही खिडकी नाही, खाली गुळगुळीत दगडी फरशी. वरच्या तोंडाशी चार माणसे शेजारी शेजारी मावत, मध्यावर जेमतेम दोन. त्या बोळाला सगळे घसा म्हणत.

घशात पंच उभा राहत नसे. ही तिथली रीत होती. आत जे होईल ते आतच राहायचे. शर्यत संपली की बंबखान्याचे साहेब टेबलाशी बसून प्रत्येकीला एकच प्रश्न विचारत, "घशात काही घडलं?" आणि प्रत्येकीने उत्तर द्यायचे, "काही नाही, साहेब." कोणाच्या नाकातून रक्त येत असले, तरी तेच. ही रीत कोणी घातली हे कोणालाच माहीत नव्हते. ती मोडण्याची मात्र सगळ्यांना लाज वाटे.

काडीला पळायला शिकवले तिच्या आत्याने. आत्या इस्पितळात फरशा पुसायची. तरुणपणी तीही ही शर्यत पळाली होती आणि तिथून ती पुढचे दोन दात न घेता परत आली होती. ती हसली की त्या जागी अंधार दिसे. रोज पहाटे ती चढाच्या पायथ्याशी उपड्या बादलीवर बसे आणि काडीला वर पिटाळी.

"पावलं बारीक टाक! चढावर लांब ढांगा टाकणारी म्हणजे मूर्ख. टाकीकडे बघू नकोस, टाकी काही पळून जात नाही. पुढचीच्या पोटऱ्या बघ!"

"पुढं कोणीच नाहीये, आत्या."

"मग असं समज की मी आहे. आणि माझ्या पोटऱ्या काही वाईट नव्हत्या!"

उतारावर ती वेगळेच ओरडे. "सोड स्वतःला! मागं रेलू नकोस! रेललीस की मांड्या फुटतील!"

मित्रांनो, चढ पायांना छळतो, पण उतार मारतो. उतारावर प्रत्येक पावलाला पायाची बोटे माझ्या नाकावर येऊन आदळत. महिन्याभरात काडीच्या अंगठ्याचे नख काळे पडले आणि एके दिवशी माझ्या आतच गळून पडले. तिने घरी जाऊन मला झटकले, नख बाहेर पडले, आणि ती म्हणाली, "चला, तेवढंच वजन कमी झालं."

पहिल्या वर्षी आम्ही चांगले पळालो. टाकीपाशी काडी तिसरी होती. घशात शिरताना दुसरी. तिच्या पुढे होती पाव भाजणाऱ्याची मुलगी. तिला ढुशी म्हणत, आणि ते नाव तिने कमावलेले होते. लहानपणापासून पीठ मळून मळून तिचे दंड तयार झाले होते. तिलाही तीच नोकरी हवी होती. तिचे म्हणणे होते, "भट्टीसमोर मी रोजच भाजून निघते. मग बंबवाले पगार तरी जास्त देतात."

घशाच्या मध्यावर, जिथे दोघीच मावतात, काडी तिच्या बाजूला आली. ढुशीने मान वळवली नाही. फक्त कोपर मागे आणले आणि सोडले. मी खाली फरशीवर होतो, पण तो आवाज मलाही ऐकू आला. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. काडी भिंतीवर आपटली आणि भिंतीला घासत खाली आली. तिच्या अंगावरून सात जणी गेल्या. एकीचा पाय माझ्यावरही पडला. काडी नववी आली. ढुशीलाही शेवटच्या चारशे पावलांत एकीने मागे टाकले, आणि दुसरी म्हणून तिला नुसत्या टाळ्या मिळाल्या.

टेबलाशी ती एका हाताने बरगडी धरून उभी होती.

"घशात काही घडलं?" साहेबांनी विचारले.

"काही नाही, साहेब," काडी म्हणाली, आणि टेबलावरच ओकली.

दोन बरगड्या मोडल्या होत्या. दीड महिना तिला खोकताही येत नव्हते. मोची तिच्या खाटेशी येऊन बसे आणि परत जिन्याखाली जाई. मी तिथेच भिंतीला टांगलेला होतो. तो माझ्याकडे बराच वेळ बघत बसे. बरगडी सांधायला त्याच्याकडे दोरा नव्हता. जे हत्यार नाही ते वापरता येत नाही. जे आहे, तेवढेच माणूस वापरतो.

पुढच्या शर्यतीला महिना उरला, तेव्हा त्याने मला पुन्हा साच्यावर चढवले. ओठांतून एक एक खिळा काढून माझ्या तळाच्या पुढच्या भागात ठोकला. पाच. तितकेच उजव्याला. पोलादी, जाड डोक्याचे. आत्या दुकानात आली आणि तिने मला उचलून बघितले.

"हे काय लावलंस?"

मोच्याने उरलेले खिळे तळहातावर काढले. "पकड मिळावी म्हणून. घशातली फरशी निसरडी असते."

"पकड कशाची? फरशीची की माणसाची?"

"फरशीचीच."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने खिळे परत ओठांत धरले.

तरी तेव्हा त्या खिळ्यांची डोकी गोल होती. काडी त्यांच्यावर महिनाभर पळाली. रस्त्यावर टक टक आवाज येई, उतारावर खरोखरच पकड मिळे, आणि मला फार ऐट वाटे. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी मोच्याने कानस घेतली आणि एकेक डोके घासून टोकदार केले. लोखंडाचा भुगा त्याच्या मांडीवर पडत होता.

सकाळी काडीने नाड्या बांधण्यासाठी मला हातात घेतले. तिचे बोट तळाला लागले. तिने मला उलटे केले आणि पाहिले. मग तिने बापाकडे पाहिले. बाप सुईत दोरा ओवत होता. तो काही केल्या ओवला जाईना. काडीने मला पायात घातले आणि नाडीची दुहेरी गाठ मारली. तिने पाहिले होते, मित्रांनो. ती माझी लाडकी असली तरी हे मी लपवणार नाही.

घंटा वाजली. चाळीस मुली निघाल्या. बाजारात पहिल्याच वळणावर ढकलाढकली झाली, एक मुलगी भाजीच्या टोपल्यांवर जाऊन पडली आणि शिव्या देत उठली. काडी आठवी होती. ती घाई करत नव्हती. चढ लागला तशी तिने पावले बारीक केली. दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर. समोरच्या पोटऱ्या जवळ येत, शेजारी येत, मागे जात. सहावी. पाचवी. एकीने मागे टाकली जाताना तिचा सदरा धरला. तो काखेत टरकला. चौथी. तिसरी. टाकीच्या खाली एक मुलगी रस्त्याच्या कडेला ओणवी होऊन ओकत होती. दुसरी.

पुढे फक्त ढुशी. कडेच्या रस्त्यावर वारा असा अंगावर येत होता की पाऊल उचलले की ते बाजूला पडे. काडी ढुशीच्या पाठीमागे, तिच्या आडोशाला पळत राहिली. मागून आठ-दहा जणींचा घोळका येत होता. त्यांच्या पायांची धडधड मला रस्त्यातून कळत होती.

घसा आला. गोदामवाल्यांनी सकाळी पिंपे धुतली असावीत. फरशी ओली होती. उजेड एकदम कमी झाला. ढुशीने मुद्दाम वेग कमी केला. ती काडीची वाट बघत होती. काडी बाजूला येताच कोपर आले, पण या वेळी तोंडावर. ओठ फुटला. रक्ताचा थेंब माझ्या नाकावर पडला. काडी थांबली नाही, तशी ढुशीने तिची वेणी धरली, मनगटाला एक वेढा दिला आणि तिचे डोके भिंतीवर आपटले. एकदा. दुसऱ्यांदा.

"घरी जा, काडे!" ती धापा टाकत म्हणाली. "घरी जाऊन इस्त्री कर!"

काडी गुडघ्यांवर पडली. ढुशीने वेणी सोडली आणि ती वळून पळाली. दोनच पावले. तेवढ्यात काडी उठली. मित्रांनो, मी तिच्या पायात होतो म्हणून सांगतो, ती पडल्यावर आधाराला पुढे टाकावे तसे ते पाऊल नव्हते. तिने डावा पाय उचलला, नेम धरला आणि पूर्ण जोर लावून हाणला.

माझे पाच खिळे ढुशीच्या टाचेच्या वर शिरले. तिथे एक जाड शीर असते. तिला धोंडशीर म्हणतात. तुम्ही आता हात लावून पाहा, टाचेच्या मागे दोरीसारखी ताठ लागेल. माणूस उभा राहतो तो तिच्यावर, उडी मारतो तो तिच्यावर. ढुशीचा पाय पुढे जात होता आणि मी खाली येत होतो. ओल्या कापडाची पट्टी फाडावी तसा आवाज झाला.

आणि मला आनंद झाला. तो लपवून उपयोग नाही. जन्मापासून मी मार खाल्ला होता: आरीचा, रस्त्याचा, माझ्यावरून गेलेल्या सात जणींचा. त्या दिवशी मी पहिल्यांदा मारले. आत एकदम ऊब शिरली, आणि मला वाटले, असेच असते तर जगणे!

ढुशी कोसळली. ती ओरडली नाही. तिला श्वासच घेता येत नव्हता. ती हातांवर रेटून उठू लागली, पण डावा पाय उचलला तर पाऊल खाली लोंबत राहिले, फडके लोंबावे तसे. तेवढ्यात मागचा घोळका वळणावरून खाली आला. उतारावर सोडलेली शरीरे ती, थांबणार कशी? पहिली तिच्यावर अडखळून पालथी पडली, दुसरी तिच्यावर, तिसरीचे गुडघे कोणाच्या तरी तोंडावर. दात, कोपरे, किंकाळ्या, भिंतीवर आपटणारी डोकी. कोणीतरी आईच्या नावाने रडत होते. काडी तेव्हा घशाच्या खालच्या तोंडाशी पोचली होती. तिने मागे वळून पाहिले नाही.

बाहेर ऊन होते. चारशे पावले उरली होती. दोन्ही बाजूंना माणसे नुसती ओरडत होती. मी प्रत्येक पावलाला रस्त्यावर पाच लाल ठिपके उमटवत चाललो होतो. उजव्याचे पाऊल मात्र स्वच्छ पडत होते. काडीने फीत तोडली. पहिली.

साहेब टेबलाशी बसले होते. शेजारी वेळ मोजणाऱ्या बाई, डोक्यावर टोपी, हातात घड्याळ. मोची गर्दीत पुढे उभा होता, आत्या त्याच्या मागे. साहेबांनी वही उघडली. ते हसत होते, कारण काडी त्यांना आवडायची.

"शाब्बास, पोरी. आता तेवढं एक विचारून घेतो. घशात काही घडलं?"

तीन शब्द म्हणायचे होते. त्यांच्यापलीकडे लाल गाडी होती, शिडी होती, टोपी होती. काडीने तोंड उघडले. फुटलेल्या ओठातून हनुवटीवर रक्त आले. मागून घशातून एक-एक मुलगी लंगडत बाहेर येऊ लागली होती. त्यांत ढुशी नव्हती.

काडी तिथेच जमिनीवर बसली. तिने दुहेरी गाठ दातांनी सोडवली, मला पायातून काढले आणि टेबलावर, उघड्या वहीवर, उलटे ठेवले. खिळे वर.

"हे घडलं, साहेब."

काडीने घशाकडे बोट दाखवले.

"ढुशी आत पडलीय. तिला उठता येत नाहीये. शीर तुटली असेल. झोळी घेऊन चला, नुसते बघत काय बसलात!"

साहेब उठून घशाकडे निघाले. दोन बंबवाले झोळी घेऊन धावले आणि काडी त्यांच्यापुढे धावली, एका पायात उजवा, दुसरा पाय अनवाणी. पाच किलोमीटर पळून आलेली मुलगी घशाचा तो चढ पुन्हा चढली.

मी टेबलावर पडून होतो. मोची पुढे आला. त्याच्या ओठांत या वेळी खिळे नव्हते. "खिळे मी ठोकले," तो म्हणाला. "धारही मीच लावली."

झोळी टेबलाशी आली तेव्हा तो तेच पुन्हा म्हणत होता, आणि काडीने ते ऐकले. झोळीची एक बाजू तिच्याच खांद्यावर होती. "पाय माझा होता, बाबा," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

आणि मग आत्या पुढे सरकली. ती टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकवून वेळ मोजणाऱ्या बाईंसमोर वाकली आणि तिने तोंड उघडून ती काळी जागा दाखवली.

"हे बघ. दोन दात. तीस वर्षं झाली. टोपी काढ, टोपी काढ, मला नीट बघू दे तुला. दगड हातात घेऊन गेली होतीस तू आत. मी इथंच उभी राहून 'काही नाही, साहेब' म्हणाले होते, आणि तू माझ्याशेजारी उभी राहून पाणी पीत होतीस."

बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवले. मग त्यांनी टोपी काढली. "माझं बोट," त्या हळूच म्हणाल्या, आणि वाकडी करंगळी वर केली. "त्याच्या आदल्या वर्षी."

त्यानंतर कोणी थांबेना. गर्दीतून बायका येत गेल्या. कोणाचा कान, कोणाचा गुडघा, कोणाची कपाळावरची खूण. म्हाताऱ्याही होत्या. त्या माझ्याकडे बघत आणि बोलू लागत. साहेब परत आले तेव्हा टेबलाशी रांग लागली होती. ते उभ्यानेच ऐकत राहिले. शेवटी त्यांनी वही बंद केली.

"या वर्षी जागा रिकामी राहील," ते झोळी पोचवून परतलेल्या काडीला म्हणाले. "आमच्याकडे पहिल्या दिवशी एकच शिकवतात, पोरी. पडलेल्या माणसाला टाकून पुढे जायचं नाही. तू परत गेलीस, हे मी पाहिलं. पण आधी पुढे आलीस, तेही पाहिलं."

"हो, साहेब," काडी म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीला गेली.

ढुशीचा पाय इस्पितळात तीन तास शिवत होते. ही बातमी आत्याने आणली. त्या खोलीबाहेरची फरशी तीच पुसत होती. ती म्हणाली की शीर जोडली आहे, ढुशी चालेल, पण शिडी चढणे आणि डोंगर पळणे संपले. मोच्याने ते ऐकून मला साच्यावर घेतले आणि पकडीने खिळे उपटायला सुरुवात केली. चार निघाले. पाचवा वाकला आणि आतच अडकला. त्याने पकड ठेवून दिली. तीन दिवस त्याने एकही खिळा ठोकला नाही. लोक तुटके जोडे घेऊन येत आणि परत जात.

तीन महिन्यांनी ढुशी स्वतः जिन्याखाली आली. कुबडी टेकत, मान वाकवून. तिला डाव्या पायाला उंच टाचेचा जोडा करून हवा होता. मोची तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि माप घेऊ लागला. त्याचा हात टाचेवरच्या व्रणाशी येऊन थांबला.

"दुखतंय का, पोरी?"

"थंडीत दुखतं. घ्या माप, काका, मी काही काचेची नाही." मग तिने दाराशी उभ्या असलेल्या काडीकडे पाहिले. काडी कामावरून नुकतीच आली होती. "तुझ्या कपाळाचं काय?"

"खूण राहिली. मी... मला..."

"रडू नकोस, मला चीड येते. माझा बाप पाव भाजतो. तो मोची असता, तर माझ्याही बुटाला दात असते. आणि मी तुझ्यासारखं टेबलावर आणून ठेवलं नसतं, हे लक्षात ठेव." तिने कुबडीने भिंतीवर मला टोचले. "हा कशाला टांगून ठेवलाय? शोभेला? मला द्या. तुमच्या डोळ्यासमोर राहिला तर तुम्ही दोघं रोज रडाल."

अशा रीतीने, मित्रांनो, मी जिला मारले तिच्याच घरी राहायला आलो. उजवा मागे राहिला. तो कुठे आहे हे मला माहीत नाही. ढुशीने मला भट्टीच्या मागच्या दाराला, ते मिटू नये म्हणून, टेकू लावून ठेवले आहे. दार उघडे राहिले की धग बाहेर जाते. पहाटे ती लंगडत येते, मला पायाने सरकवते, आणि कधी कधी जरुरीपेक्षा जोरात सरकवते. मी काही म्हणत नाही. पिठाने माझ्या भोकांतला दोरा पांढरा झाला आहे. कातडे धगीने तडकले आहे. बुटाला भट्टीशेजारी कधी ठेवू नये, ओल्या बुटात कागद कोंबून त्याला सावलीत वाळवावे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण मला तक्रार करायचा हक्क नाही.

पुढच्या वर्षी घशात दर वीस पावलांवर एक पंच उभा होता. त्यांत टोपीवाल्या बाईही होत्या. काडी साध्या बुटांनी पळणार होती. आदल्या दिवशी ढुशीने तिला मागच्या दाराशी बोलावले. "पहिली ये," ती म्हणाली. "नाहीतर माझी शीर फुकट गेली. पण आतून कोणी झोळीत बाहेर आलं, तर या दारात पाय ठेवू नकोस. तोही मी मोडीन."

शर्यत मी पाहिली नाही. दुपारी दारात पावले वाजली. काडी आत आली. तिची भुवई उघडी पडली होती, डोळ्यावर रक्त सुकले होते, सदऱ्याची एक बाहीच नव्हती. घशात पंच होते म्हणून या वेळी मारामारी कडेच्या रस्त्यावर झाली होती. ढुशी पीठ मळत होती. ती थांबली नाही.

"कितवी?"

"तिसरी."

हात थांबले. "दमलीस?"

"नाही. एकीनं वाऱ्यात धरून ठेवलं. तिच्या पायावर पाय द्यायला जागा होती. टाच अगदी समोर होती." काडीने श्वास घेतला. "नाही दिला."

नोकरी दुसऱ्या एका मुलीला मिळाली होती. पुढच्या वर्षी काडीला बावीस वर्षे पूर्ण होणार होती. बावीसच्या पुढे पळू देत नसत, म्हणून पळायला मिळणारे ते शेवटचे वर्ष.

ढुशीने तिच्याकडे पाहिले. "कोणाला लागलं?" तिने विचारले.

"मला."

"आणखी कोणाला?"

"फक्त मला."

ढुशीने पिठाचे हात पुसले, फडके ओले केले आणि कुबडी न घेता, भिंत धरून, दोन पावले चालत तिच्याकडे आली. "बस खाली," ती म्हणाली. "आणि हलू नकोस, मूर्ख." तिने भुवईवर फडके दाबले. दाबले म्हणजे चांगलेच दाबले. काडी कळवळली, पण उठली नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे बूट असतील. त्यांना चिखलात टाकून देऊ नका, नाडी न सोडता ओरबाडून काढू नका, उसवले तर वेळेवर शिवून घ्या. आणि आणखी एक, जे मला कोणी सांगितले नव्हते. लोक म्हणतात की बूट, काठी, दगड यांना मन नसते. दोष फक्त हाताचा आणि पायाचा. तसे नाही. ज्या दिवशी मी शिरीत शिरलो, त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. तुम्ही आम्हाला धार लावाल, तर आम्ही नको म्हणणार नाही. आम्ही कधीच नको म्हणत नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागेल, समोर टाच आलेली असताना, वाऱ्यात, दमलेले असताना, आणि पहिले येणे अगदी एका पावलावर असताना.